आपल्या नावाचे कार्ड
(मंडळाच्या वर्धापनदिनाच्या सभेत केलेले भाषण)



वर्धापनदिनाच्या सभेत कोणी गाते, कोणी आरोग्यावर बोलते, कोणी दिवाळीच्या फराळाच्या युक्त्या सांगते. माझ्या वाट्याला मात्र कार्यवाहबाईंनी 'वाचनालयाचे नियम' हा विषय दिला आहे. तो जाहीर होताच मागच्या रांगेत जी कुजबुज झाली ती मला ऐकू आली. घरात नियम, सासरी नियम, एस. टी.त नियम, आणि आता मंडळातही नियमच ऐकायचे का, असे कोणाला वाटले असेल तर तिचा मला मुळीच राग नाही. परंतु घटकाभर दम धरावा. हे नियम आपल्याला अडवण्यासाठी केलेले नाहीत. ते ठाऊक नसल्यामुळेच आपण अडतो, एवढे मला आज सांगायचे आहे.

आपल्या वाचनालयाच्या कार्यकारी मंडळावर मी काही वर्षे काम करते. संध्याकाळी देवघेवीच्या टेबलाशी बसण्याचा प्रसंगही पुष्कळदा येतो. तेथे बसून एक गोष्ट सारखी नजरेस येते. पुरुष सरळ आत येतात, वर्तमानपत्र ओढून घेतात आणि पंख्याखाली बसतात. मुले येतात ती गोंगाट करीत येतात. बाई येते ती उंबऱ्याशी थांबते. "आमच्या ह्यांचं कार्ड आहे, त्यावर पुस्तक मिळेल का?" असे हळूच विचारते. कित्येकजणी तर स्वतः येतच नाहीत, मुलाच्या हाती चिठ्ठी पाठवतात. चिठ्ठीत लिहिलेले असते, 'एखादी चांगली कादंबरी द्यावी'. मुलगा घाईत असतो. हाती लागेल ते पुस्तक घेऊन तो पळतो, आणि घरी गेल्यावर कळते की हे तर मागच्याच महिन्यात वाचून झाले.

वाचनाची आवड नाही म्हणून हे होते असे मला वाटत नाही. आत गेल्यावर कोण काय विचारील, पैसे किती लागतील, पुस्तकाचे पान फाटले तर काय होईल, संगणकाला हात लावला आणि तो बिघडला तर कोण बोलेल, अशी भीती त्यामागे असते. नियम एकदा समजले की ती भीती राहत नाही. म्हणून आज नियमांची नुसती यादी वाचून न दाखवता प्रत्येक नियम कशासाठी आहे ते सांगते.

प्रथम हे वाचनालय कोणाचे ते पाहू. आपल्या राज्यात महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय अधिनियम १९६७ साली झाला. मद्रास राज्याने १९४८ सालीच असा कायदा करून ग्रंथालयासाठी वेगळा कर बसवला होता. आपल्या कायद्यात तसा कर नाही. आपल्याकडे गावोगावच्या लोकांनी संस्था काढून वाचनालये चालवायची आणि सरकारने त्यांना मान्यता व अनुदान द्यायचे, अशी रीत आहे. त्यासाठी वाचनालयांचे अ, ब, क, ड असे वर्ग केलेले आहेत. बुलढाण्याला शासकीय जिल्हा ग्रंथालय आहे. पण घाटाखालच्या जळगाव जामोद किंवा संग्रामपूरच्या बाईने एका पुस्तकासाठी घाट चढून बुलढाणा गाठावे, हे कोणाला जमायचे? तिच्या उपयोगी पडते ते तिच्याच गावचे वाचनालय. त्याचा खर्च थोडा अनुदानातून आणि थोडा सभासदांच्या वर्गणीतून चालतो. म्हणजे ते कोणा एका शेटजींचे नाही, तुमचे-आमचे आहे. आपल्या घरी जाताना कोणी दाराशी थांबून परवानगी मागत नाही.

आता सभासद होण्याविषयी. अर्ज भरायचा, ओळखीचा व पत्त्याचा पुरावा दाखवायचा, अनामत व वर्गणी भरायची आणि पावती घ्यायची. वर्गणीचा आकडा ठिकठिकाणी वेगळा असतो, तो नियमपत्रकावर लिहिलेला असतो. अनामत आणि वर्गणी यांत फरक आहे, तो लक्षात ठेवावा. वर्गणी खर्चासाठी असते, ती परत मिळत नाही. अनामत ही आपली ठेव आहे. सभासदत्व सोडताना पुस्तके परत केली आणि येणेबाकी फेडली की अनामत परत मागता येते. म्हणून ती पावती धान्याच्या डब्याखाली न ठेवता कागदपत्रांच्या पिशवीत ठेवावी.

येथे माझे एक आग्रहाचे सांगणे आहे. कार्ड आपल्या स्वतःच्या नावाचे घ्या. घरात एक कार्ड असताना दुसरे कशाला, असे सगळ्याजणी म्हणतात. त्याचे कारण सांगते. वाचनालयाची तपासणी होते तेव्हा अधिकारी नोंदवह्या पाहतात. सभासद किती, पुस्तके किती गेली, हे सर्व वहीतून कळते. नवी पुस्तके घ्यायची वेळ आली म्हणजे कार्यकारी मंडळही त्याच वह्या पाहते. तुम्ही वर्षभरात चाळीस पुस्तके वाचली आणि ती सारी यजमानांच्या नावावर लिहिली गेली, तर वही असे म्हणते की चाळीस पुस्तके एका पुरुषाने वाचली. मग कोणी सभासद विचारतो, "बायका येतातच कुठे? त्यांच्यासाठी वेगळी पुस्तके कशाला?" त्याला उत्तर देताना माझ्या हाती वहीच नसते. तुमचे नाव त्या वहीत आले म्हणजे पुढच्या खरेदीत तुमच्या आवडीचा विचार होईल. मागणीची वहीही तेथे ठेवलेली असते. हवे असलेल्या पुस्तकाचे नाव तीत स्वतःच्या हाताने लिहावे.

आता देवघेवीचे नियम. पुस्तक घरी नेताना त्याचा दाखल क्रमांक तुमच्या नावापुढे लिहिला जातो आणि परतीची तारीख चिठ्ठीवर टाकली जाते. मुदत किती दिवसांची हे त्या त्या वाचनालयाने ठरवलेले असते. आपण पंधरा दिवस धरू. ज्या पुस्तकाची एकच प्रत आहे ते प्रत्येकीने पंधरा दिवसांत परत केले तर वर्षात चोवीस घरी जाते. प्रत्येकीने महिनाभर ठेवले तर बाराच घरी जाते. उरलेल्या बाराजणींना ते मिळत नाही, आणि त्या कोण हे आपल्याला कधी कळतही नाही. उशिराचा दंड असतो तो या न दिसणाऱ्या बाराजणींसाठी. दंडाच्या रकमेने वाचनालय श्रीमंत होत नाही. पुस्तक वाचून झाले नसेल तर मुदत वाढवून मागावी. दुसऱ्या कोणाची मागणी नसेल तर ती बहुधा मिळते. लेकीचे बाळंतपण आले, सोयाबीनची काढणी आली, घरात आजारपण आले तर कोणाबरोबर निरोप पाठवावा. टेबलामागे बसणारी माणसेही संसारी आहेत.

पुस्तक हरवले किंवा फाटले तर काय? तेच पुस्तक नवे आणून द्यावे, नाहीतर त्याची किंमत भरावी, असा सर्वत्र रिवाज आहे. संचातील एक खंड हरवला तर काही ठिकाणी सबंध संचाची किंमत मागतात, आणि त्यात अन्याय नाही. तीन खंडांतला मधला गेला तर उरलेल्या दोघांचे कोणी काय करावे? पान सुटले तर मात्र घरी चिकटपट्टी लावू नये. ती काही वर्षांनी पिवळी पडते आणि कागदालाही घेऊन जाते. सुटलेले पान तसेच आत ठेवून ग्रंथपालांना दाखवावे. दाखवले म्हणून कोणी रागावत नाही, लपवले तरच पुढच्या वाचकाला त्रास होतो. पानाचा कोपरा दुमडू नये, हळदीच्या हाताने पुस्तक धरू नये, आणि आवडलेली पाककृती कापून घेऊ नये. हसू नका, मासिकांच्या पानांना पडलेल्या चौकोनी खिडक्या मी पुष्कळ पाहिल्या आहेत.

एक पुस्तक जपले गेल्याने काय होते, याचे उदाहरण आपल्याच जिल्ह्यात आहे. बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांनी 'स्त्रीपुरुष तुलना' हे पुस्तक लिहिले, ते १८८२ साली पुण्याच्या श्री शिवाजी छापखान्यात छापले गेले. ताराबाईंचे वडील बापूजी हरि शिंदे बुलढाण्याच्या कचेरीत कारकुनीत होते आणि मुलीला त्यांनी घरीच शिकवले. बाईवर ठपके ठेवणाऱ्या समाजाला त्या बाईने रोखठोक सवाल केले. तेव्हा फार टीका झाली. जोतीराव फुले तिच्या बाजूने उभे राहिले. पुढे ताराबाईंनी दुसरे पुस्तक प्रसिद्ध केले नाही आणि ते एक पुस्तकही लोक विसरले. १९७५ साली स. गं. मालशे यांनी ते पुन्हा प्रसिद्ध केले, तेव्हा मधे त्र्याण्णव वर्षे गेलेली होती. विचार करा, कोणाच्या तरी कपाटात एखादी प्रत शाबूत राहिली नसती तर पुन्हा छापायला काय उरले असते? बुलढाण्याच्या बाईचे शब्द बुलढाण्याच्या बायकांपर्यंत पोचले ते कोणीतरी पाने न फाडल्यामुळे.

आता ज्या नियमाविषयी सर्वात जास्त कुरकुर होते तो सांगते. शब्दकोश, विश्वकोश, कायद्याची पुस्तके आणि स्पर्धा परीक्षेची महागडी पुस्तके घरी देत नाहीत, ती तेथेच बसून वाचावी लागतात. "एका रात्रीसाठी तरी द्या" असे पुष्कळजण म्हणतात. पण असे पुस्तक कोणाला, कोणत्या क्षणी लागेल याचा नेम नसतो. म्हणून ते नेहमी जागेवर असावे लागते.

एकदा एक भगिनी आली होती. ती कोण, कुठली, हे मी सांगणार नाही. तिने कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांचे संरक्षण करणारा २००५ सालचा कायदा मागितला. ते पुस्तक तिला घरी नेता आले नसते. मिळाले असते तरी घरी उघडता आले नसते. वाचनकक्षाच्या कोपऱ्यात बसून तिने दोन दुपारी ते वाचले. लागतील ती कलमे वहीत उतरवून घेतली. या कायद्याखाली संरक्षण अधिकाऱ्याकडे तक्रार नेता येते आणि राहत्या घरातून बाहेर काढण्यास मनाई मागता येते, हे तिला त्या पुस्तकातून कळले. पुस्तक जागेवर होते म्हणून तिला मिळाले. एखाद्या प्रतिष्ठित माणसाने ते 'एका रात्रीसाठी' नेऊन चार महिने ठेवले असते, तर ती बाई आली तशी परत गेली असती आणि पुन्हा आली नसती.

यातून एक नियम वाचनालयातल्या माणसांसाठीही निघतो. कोण काय वाचते हे टेबलाबाहेर जाता कामा नये. आपली गावे लहान आहेत. अमकीने आजाराचे पुस्तक नेले, तमकीने घटस्फोटाच्या कायद्याचे नेले, ही बातमी पाणवठ्यावर पोचायला वेळ लागत नाही. कार्यकारी मंडळात मी हा आग्रह धरते आणि धरीत राहीन. तुम्हीही सभासद म्हणून हे मागा. नियम वाचकाने पाळायचे असतात तसे वाचनालयानेही पाळायचे असतात.

आता संगणकाकडे वळते. सगळ्याच वाचनालयांत वाचकांसाठी संगणक नाही. काही ठिकाणी एकच असतो आणि त्यावर पुस्तकांची यादी व हिशेब चालतो. पण जेथे वाचकांसाठी ठेवला आहे तेथे त्याचे नियम पुस्तकांच्या नियमांचेच भाऊबंद आहेत. वहीत नाव व वेळ लिहायची. अर्धा तास, तास अशी पाळी ठरलेली असते, कारण यंत्र एक आणि वाचक अनेक, पंधरा दिवसांच्या मुदतीसारखेच. न विचारता पेन ड्राइव्ह लावायचा नाही, कारण त्यातून आलेल्या व्हायरसने सर्वांची कामे अडतात. स्वतःच्या मनाने त्यात नवा प्रोग्रॅम घालायचा नाही. खाणेपिणे जवळ आणायचे नाही. प्रिंट काढल्यास पानामागे ठरलेले पैसे द्यायचे. आणि हात लावल्याने संगणक बिघडत नाही, हा नियमपत्रकावर नसलेला नियमही लक्षात ठेवा. काही अडले तर विचारावे.

मुख्य गोष्ट पुढेच आहे. वाचनालयाचा संगणक सार्वजनिक आहे. तुमच्या नंतर त्या खुर्चीवर कोण बसेल हे तुम्हाला ठाऊक नसते. म्हणून बँकेचे व्यवहार तेथे करूच नयेत. आपले ईमेलचे किंवा सरकारी कामाचे खाते उघडले तर काम झाल्यावर लॉगआउट करावे, नुसती खिडकी बंद करून उठू नये. 'पासवर्ड जपून ठेवू का?' असे यंत्राने विचारले तर 'नको' म्हणावे. आधार कार्ड किंवा सातबारा उतरवून घेतला असेल तर प्रिंट घेतल्यावर तो त्या यंत्रातून पुसून टाकावा. घराला कुलूप लावून किल्ली दारातच ठेवून कोणी जात नाही, तसेच हे.

आणि ती किल्ली आपल्याच कनवटीला असावी. २०२४ साली मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण योजना आली तेव्हा अर्ज भरायला आपल्या किती भगिनी रांगेत उभ्या होत्या, ते आठवा. आपल्या अर्जात कोणाचा मोबाईल क्रमांक लिहिला गेला, हे ज्यांना सांगता येत नव्हते अशा काहीजणी मला भेटल्या. कोणाचा भाच्याचा होता, कोणाचा शेजाऱ्याचा. अर्ज तिचा, पैसे तिचे, आणि ओटीपी मात्र दुसऱ्याच्या खिशात! मुलाने मदत करावी, नातवाने शिकवावे, त्यात कमीपणा नाही. पण पासवर्ड आपण टाकावा आणि ओटीपी आपण वाचावा. दुसऱ्याचा पासवर्ड लबाडीने वापरणे हा माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६६ क खाली गुन्हा आहे, त्यास तीन वर्षांपर्यंत कैद व एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. कोणी फसवून पैसे काढले तर रडत न बसता ताबडतोब १९३० या क्रमांकावर फोन करावा. जितका लवकर कराल तितकी रक्कम अडवण्याची शक्यता अधिक.

संगणक केवळ अर्जांसाठी नाही. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी ज्याचे प्रमुख संपादक होते आणि ज्याचा पहिला खंड १९७६ साली निघाला, तो मराठी विश्वकोश आज संगणकावर फुकट वाचता येतो. महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाची कित्येक पुस्तके तशीच मिळतात. खरगपूरच्या आयआयटीने उभारलेले भारतीय राष्ट्रीय डिजिटल ग्रंथालय २०१८ साली राष्ट्राला अर्पण झाले, तेही सर्वांना खुले आहे. लेखकाच्या निधनानंतर साठ वर्षे त्याच्या लेखनावर त्याच्या वारसांचा हक्क असतो, हा आपला कायदा आहे. म्हणून जी पुस्तके त्या मुदतीबाहेर गेली ती मोकळेपणाने उतरवून घ्यावीत, आणि नव्या लेखकाचे सबंध पुस्तक झेरॉक्स करून आणू नये. त्याचेही पोट त्या लेखणीवर आहे.

सुमारे सव्वाशे वर्षांपूर्वी हे सारे कोणाच्या स्वप्नातही नव्हते. बडोद्याचे सयाजीराव गायकवाड हे नाशिक जिल्ह्यातल्या कवळाण्याच्या शेतकऱ्याच्या घरी जन्मलेले. त्यांनी १९१० साली अमेरिकेतून बॉर्डेन नावाच्या ग्रंथपालांना बोलावले आणि लाकडी पेट्यांत पुस्तके भरून ती खेडोपाडी फिरवली. गाव वाचनालयाकडे जात नसेल तर वाचनालय गावाकडे गेले पाहिजे, असा त्यांचा विचार होता. पुढे डॉ. रंगनाथन यांनी १९३१ साली ग्रंथालयशास्त्राचे पाच सिद्धांत मांडले, त्यांतला पहिलाच असा की पुस्तके वापरण्यासाठी असतात. त्यांचा जन्मदिवस, १२ ऑगस्ट, ग्रंथपालदिन म्हणून पाळतात. त्या दिवशी मंडळाने वाचनालयात एक फेरी काढावी, असे मी सुचवते.

शेवटी मंडळापुढे तीन गोष्टी ठेवते. पहिली, पुढच्या वर्धापनदिनापर्यंत आपल्यापैकी प्रत्येकीकडे स्वतःच्या नावाचे कार्ड असावे. दुसरी, संगणक येणाऱ्या दोन मुलींनी आठवड्यातून एक दुपार वाचनालयात बसून भगिनींना लॉगइन आणि लॉगआउट शिकवावे. कोणाच्या वतीने फॉर्म भरून देऊ नये, तिच्याकडूनच भरवून घ्यावा. वेळ लागेल, लागू द्या.

तिसरी गोष्ट संक्रांतीच्या हळदीकुंकवाची. दरवर्षी आपण वाण म्हणून वाट्या, डबे, चाळण्या लुटतो. घरोघरी त्यांची चळत झाली आहे. यंदा मंडळाने पैसे जमवून वाचनालयाच्या वर्षभराच्या वर्गणीची पावती वाण म्हणून द्यावी. हळदीकुंकवाला ज्यांना आपण बोलवत नाही, त्या आपल्या विधवा भगिनींनाही हे वाण आपण होऊन त्यांच्या घरी जाऊन द्यावे. वाचनालयाच्या अर्जावर नाव, पत्ता आणि सही एवढेच मागतात. कुंकू आहे की नाही हे तेथे कोणी विचारीत नाही. तेथे जे विचारीत नाहीत ते आपण मंडळात तरी का विचारावे, याचा सर्वजणींनी घरी गेल्यावर शांतपणे विचार करावा.

 सभासदत्वाचे कोरे अर्ज मी बरोबर आणले आहेत. चहाच्या टेबलाशेजारी ठेवते. पेनही तेथेच आहे.